समुद्रातील तेल-वायू क्षेत्रांचे भाडेपट्टे आणि सरकारी पाठबळ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

समुद्रातील तेल आणि वायूच्या क्षेत्रांविषयी कोकण किनाऱ्यावरील वाचक, स्पर्धा परीक्षांचे विद्यार्थी आणि ऊर्जाक्षेत्रात काम करणारी मंडळी यांच्याकडून जे प्रश्न सातत्याने येतात, ते येथे एकत्र केले आहेत. उत्तरे भारतातील व्यवस्थेपुरती आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात सविस्तर आला असेल, तर तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मुंबई हाय आमच्या किनाऱ्यासमोर आहे. मग तेथील तेल महाराष्ट्राच्या मालकीचे का नाही?

राज्यघटनेच्या अनुच्छेद २९७ नुसार प्रादेशिक समुद्र, भूखंडमंच (किनाऱ्याला लागून समुद्राखाली पसरलेला जमिनीचा भाग) आणि अनन्य आर्थिक क्षेत्र यांच्या तळाखालील जमीन, खनिजे आणि इतर मौल्यवान वस्तू केंद्र सरकारकडे निहित आहेत. १९७६ च्या सागरी क्षेत्रविषयक कायद्याने या पट्ट्यांच्या मर्यादा ठरवल्या आहेत. प्रादेशिक समुद्र किनाऱ्याच्या आधाररेषेपासून १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरपर्यंत असतो आणि अनन्य आर्थिक क्षेत्र २०० सागरी मैलांपर्यंत जाते. मुंबई हाय किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर आहे. पण ते अगदी दहा किलोमीटरवर असते, तरी मालकी केंद्राचीच राहिली असती. जमिनीवरील तेलाच्या बाबतीत मात्र भाडेपट्टा राज्य सरकार देते आणि रॉयल्टीही, म्हणजे काढलेल्या तेल-वायूच्या मूल्यातील ठरावीक वाटाही, राज्याला मिळते. या फरकाचा महाराष्ट्राच्या तिजोरीवर काय परिणाम होतो, ते प्रश्न ६ मध्ये पाहावे.

२. भाडेपट्टा दिला म्हणजे सरकारने समुद्र विकला असे होते का?

नाही. कंपनीला मिळतो तो ठरावीक चतुःसीमांच्या आत, ठरावीक मुदतीसाठी तेल आणि वायू शोधण्याचा व काढण्याचा अधिकार. समुद्राचा पृष्ठभाग, त्यातील मासे आणि जहाजांची ये-जा यांवर तिची मालकी निर्माण होत नाही.

रोजच्या बोलण्यात तीन गोष्टी एकमेकींत मिसळतात. शोधासाठी दिला जातो तो परवाना असतो, उत्पादनासाठी दिला जातो तो भाडेपट्टा असतो आणि सरकारचा हिस्सा, कामाचा कार्यक्रम व दंड ज्यात लिहिलेले असतात तो करार असतो. या सगळ्याचा पाया १९४८ चा तेलक्षेत्र (विनियमन व विकास) कायदा हा आहे. त्यात २०२५ मध्ये मोठी दुरुस्ती झाली. पूर्वीच्या ‘खाणपट्ट्या’ऐवजी स्वतंत्र ‘पेट्रोलियम भाडेपट्टा’ आला, तुरुंगवासाच्या शिक्षेच्या जागी २५ लाख रुपयांपर्यंतच्या आर्थिक दंडाची तरतूद झाली आणि भाडेपट्ट्याच्या अटी मुदतभर स्थिर ठेवण्याला कायद्याचा आधार मिळाला. ही शेवटची तरतूद वाचायला रुक्ष वाटते. कंपन्यांची सर्वांत जुनी मागणी मात्र तीच होती.

३. सरकारी पाठबळ म्हणजे नेमके काय? सरकार तेल कंपन्यांना रोख पैसे देते का?

थेट रोख अनुदान हा या पाठबळाचा मुख्य प्रकार नाही. बहुतांश पाठबळ न घेतलेल्या पैशाच्या रूपात असते. रॉयल्टी कमी ठेवणे किंवा काही वर्षे माफ करणे, उपकर न लावणे, महसुलातील हिस्सा सोडणे आणि आयात शुल्कात सूट देणे हे सर्व त्यात येते. दुसरा मोठा प्रकार माहितीचा आहे. सरकार स्वतःच्या खर्चाने समुद्रतळाची सर्वेक्षणे करून घेते आणि ती माहिती बोली लावणाऱ्यांपुढे ठेवते. तिसरा प्रकार किमतीचा आहे, तो प्रश्न ९ मध्ये आला आहे. चौथ्या प्रकाराची क्वचितच गणना होते. तेलक्षेत्रांना नौदल आणि तटरक्षक दल संरक्षण देतात, आणि पूर्वी संरक्षण किंवा अवकाश संशोधनाच्या कारणासाठी निषिद्ध असलेली सागरी क्षेत्रे शोधकार्यासाठी मोकळी केली जातात. २०२२ मध्ये अशा निषिद्ध क्षेत्रांपैकी सुमारे ९९ टक्के भाग खुला झाला. तो सुमारे १० लाख चौरस किलोमीटर भरतो.

या सगळ्याची एकत्रित किंमत एका ठिकाणी मांडलेली नागरिकांना पाहायला मिळत नाही. रॉयल्टीची सूट एका अधिसूचनेत असते, शुल्काची दुसऱ्या मंत्रालयाच्या, आणि सर्वेक्षणाचा खर्च तिसऱ्याच तरतुदीत दाखवलेला असतो. पाठबळ योग्य की अयोग्य हा वाद त्यानंतरचा आहे. आधी ते किती आहे, हे कळण्याची सोय हवी, आणि ही मागणी तेलाच्या समर्थकांनीही करायला हवी असे मला मनापासून वाटते.

४. तेल सापडले तर कंपनीचाच फायदा होतो. मग सरकारने सवलती का द्याव्यात?

कारण बहुतेक वेळा तेल सापडत नाही. खोल समुद्रातील एका शोधविहिरीचा खर्च शेकडो कोटी रुपयांच्या घरात जातो आणि ती कोरडी निघाली की सगळा खर्च बुडतो. जगातील मोठ्या कंपन्यांपुढे गयाना, ब्राझील, नामिबिया असे पर्याय असतात. तेथील भूगर्भ आणि तेथील कर यांची तुलना करूनच त्या पैसा कोठे घालायचा हे ठरवतात.

सरकारच्या बाजूने सर्वांत मोठे कारण आयातीचे आहे. देशाच्या कच्च्या तेलाच्या गरजेपैकी सुमारे ८८ टक्के तेल आयात होते. २०११-१२ मध्ये देशांतर्गत उत्पादन सुमारे ३.८ कोटी टन होते, ते २०२३-२४ मध्ये २.९४ कोटी टनांपर्यंत खाली आले. मुंबई हायसारखी क्षेत्रे म्हातारी होत आहेत आणि त्यांची जागा घेईल एवढा मोठा नवा शोध लागलेला नाही.

दुसरी बाजूही तेवढीच खरी आहे. मुंबई हायचा शोध १९७४ च्या फेब्रुवारीत ‘सागर सम्राट’ या विहीर खोदणाऱ्या तरत्या रिगवरून लागला आणि २१ मे १९७६ रोजी उत्पादन सुरू झाले, तेव्हा सगळी जोखीम सार्वजनिक पैशाची होती आणि फळही सार्वजनिक तिजोरीला मिळाले. आज जोखमीचा एक भाग सवलतींच्या रूपाने जनताच उचलते. म्हणून फळाचा वाटा कसा ठरतो, हा प्रश्न (पाहा प्रश्न ७ व ८) विचारण्याचा अधिकारही जनतेला आहे.

५. ब्लॉक, म्हणजे तेल-वायू शोधण्यासाठी आखलेला तुकडा, मिळतो कसा? आणि मुंबई हायची निविदा कधी निघाली होती?

मुंबई हायची निविदा कधीच निघाली नाही. ते क्षेत्र त्या काळच्या पद्धतीनुसार ओएनजीसी या सरकारी कंपनीला नामनिर्देशनाने मिळाले. १९९० च्या दशकात पन्ना-मुक्ता आणि ताप्ती यांसारखी, तेल-वायू आधीच सापडलेली क्षेत्रे खासगी भागीदारीत देण्यात आली. पन्ना-मुक्ता आणि ताप्तीचा करार १९९४ चा असून त्यात एन्रॉन, रिलायन्स आणि ओएनजीसी होत्या. १९९९ पासून नवीन शोध परवाना धोरण, म्हणजे ‘नेल्प’, अमलात आले. त्याच्या नऊ फेऱ्यांत सरकारी आणि खासगी कंपन्या समान अटींवर बोली लावू लागल्या. मार्च २०१६ मध्ये हायड्रोकार्बन शोध व परवाना धोरण, म्हणजे ‘हेल्प’, मंजूर झाले आणि तेव्हापासून आजची पद्धत सुरू आहे.

‘हेल्प’मधील महत्त्वाचा बदल म्हणजे खुले क्षेत्र. पूर्वी सरकार ब्लॉक आखायचे आणि कंपन्या त्यांतून निवडायच्या. आता कंपनी नॅशनल डेटा रिपॉझिटरी या सरकारी भूगर्भ-माहितीच्या भांडारातील माहिती पाहून स्वतःच क्षेत्र आखते आणि स्वारस्यपत्र देते. त्यानंतर त्याच क्षेत्रासाठी सर्वांना बोली लावता येते. क्षेत्र मूळ सुचवणाऱ्या कंपनीला गुणांकनात थोडा लाभ मिळतो, पण ब्लॉक तिलाच मिळेल याची खात्री नसते. एकाच परवान्यावर तेल, नैसर्गिक वायू, कोळशातील मिथेन आणि शेल वायू असे सर्व काही शोधता येते.

पहिल्या फेरीतील ५५ ब्लॉक २०१८ मध्ये दिले गेले आणि त्यांतील ४१ वेदांताला मिळाले. नवव्या फेरीतील २८ ब्लॉकांचे करार एप्रिल २०२५ मध्ये झाले. त्या फेरीत ओएनजीसी, रिलायन्स आणि बीपी यांनी सौराष्ट्राजवळील एका उथळ ब्लॉकसाठी प्रथमच एकत्र बोली लावली आणि तो ब्लॉक त्यांना मिळाला. शेजारच्या ब्लॉकांतील वायूच्या वादात समोरासमोर आलेल्या कंपन्या (पाहा प्रश्न ११) बोलीत भागीदार होतात, यावरून खोल खिसा आणि तंत्रज्ञान एकत्र आणण्याची गरज किती मोठी आहे हे दिसते.

६. रॉयल्टी किती असते आणि ती कोणाला मिळते? महाराष्ट्राला यातून काही मिळते का?

‘हेल्प’खालील दर पाण्याच्या खोलीवर ठरतात. ४०० मीटरपर्यंतच्या उथळ पाण्यात साडेसात टक्के रॉयल्टी आहे. ४०० ते १,५०० मीटरच्या खोल पाण्यात उत्पादनाची पहिली सात वर्षे रॉयल्टी नाही आणि त्यानंतर ती ५ टक्के आहे. १,५०० मीटरहून अधिक खोल पाण्यातही पहिली सात वर्षे माफ असून पुढे केवळ २ टक्के आहे. ‘नेल्प’मध्ये उथळ पाण्यासाठी १० टक्के, तर खोल पाण्यासाठी पहिली सात वर्षे ५ आणि नंतर १० टक्के असे दर होते. सवलत किती वाढली ते या दोन धोरणांच्या तुलनेतून कळते. शिवाय ‘हेल्प’च्या ब्लॉकांना कच्च्या तेलावरील उपकर लागू नाही. नामनिर्देशनाने मिळालेल्या जुन्या क्षेत्रांतील तेलावर तो मूल्याच्या २० टक्के आहे. म्हणजे मुंबई हायच्या तेलावर उपकर आहे आणि शेजारी उद्या नव्या ब्लॉकमध्ये निघणाऱ्या तेलावर नाही.

समुद्रातील रॉयल्टी संपूर्णपणे केंद्राकडे जाते. महाराष्ट्राला तिच्यातून थेट वाटा मिळत नाही. न्हावा येथील पुरवठा तळ, उरणचा प्रक्रिया प्रकल्प, जुहूहून समुद्रातील तेल काढण्याच्या मंचांकडे जाणारी हेलिकॉप्टर सेवा आणि त्यांभोवतीचा रोजगार हे महाराष्ट्राच्या वाट्याला येते, आणि नळ फुटल्यास किनाऱ्यावर येणारा तवंगही येतो. गुजरात आणि आसाम यांना जमिनीवरील तेलाची रॉयल्टी मिळते. त्यांच्याशी तुलना केली की कोकणातील वाचकांचा प्रश्न रास्त वाटतो. राज्यघटनेतील मालकी न बदलताही केंद्राला किनारी जिल्ह्यांसाठी रॉयल्टीचा एक भाग राखून ठेवता येईल. जमिनीवरील खाणींच्या बाबतीत जिल्हा खनिज प्रतिष्ठानांच्या रूपाने अशी कल्पना देशात आधीच राबवली जात आहे.

७. ‘उत्पादन वाटप’ आणि ‘महसूल वाटप’ यांत फरक काय? पद्धत का बदलली?

‘नेल्प’ची पद्धत उत्पादन वाटपाची होती. विक्रीतून आलेल्या पैशातून कंपनी आधी आपला खर्च वसूल करायची आणि उरलेल्या नफ्याची सरकारशी वाटणी व्हायची. सरकारचा वाटा गुंतवणुकीच्या पटीशी जोडलेला होता. कंपनीला गुंतवणुकीच्या दीडपट परत मिळाले की सरकारचा वाटा वाढायचा, अडीचपट मिळाले की आणखी वाढायचा. यात एक उघड अडचण होती. खर्च जितका जास्त दाखवला जाईल, तितकी ती पट गाठायला वेळ लागेल आणि सरकारचा वाढीव वाटा लांबणीवर पडेल. म्हणून प्रत्येक विहीर, प्रत्येक नळ आणि प्रत्येक भाड्याच्या जहाजाचा खर्च सरकारी प्रतिनिधी असलेल्या व्यवस्थापन समितीपुढे तपासला जायचा. त्यातून उशीर आणि भांडणे दोन्ही वाढली.

कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील रिलायन्सच्या डी-६ ब्लॉकमध्ये हे सगळे दिसले. एप्रिल २००९ मध्ये तेथे वायूचे उत्पादन सुरू झाले, २०१० च्या सुमारास ते शिखराला पोहोचले आणि नंतर झपाट्याने घसरले. विकास आराखड्यात प्रतिदिन ८ कोटी घनमीटर वायूची क्षमता धरून सुविधा उभारल्या होत्या, प्रत्यक्षात तेवढा वायू आलाच नाही. ठरल्याप्रमाणे विहिरी खोदल्या नाहीत, असे म्हणत सरकारने खर्चवसुलीचा काही भाग नाकारला. भूगर्भ अपेक्षेपेक्षा वेगळा निघाला, असे कंपनीचे म्हणणे होते. प्रकरण लवादाकडे गेले. त्याआधी, २०११ मध्ये, नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी या कराराच्या रचनेवरच बोट ठेवले होते. तेथील पहिली दोन क्षेत्रे फेब्रुवारी २०२० मध्ये बंद झाली, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरपासून शेजारच्या अधिक खोल क्षेत्रांतून पुन्हा वायू येऊ लागला.

डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१२ च्या डिसेंबरमध्ये महसूल वाटपाची शिफारस केली आणि ‘हेल्प’ने ती स्वीकारली. आता सरकारचा हिस्सा विक्रीतूनच काढला जातो आणि कंपनीने किती खर्च केला याच्याशी सरकारला देणेघेणे राहत नाही. समजा, १०० रुपयांची विक्री झाली आणि कंपनीने ८० रुपये खर्च दाखवला. जुन्या पद्धतीत उरलेल्या २० रुपयांवर वाद व्हायचा. नव्या पद्धतीत रॉयल्टी वजा जाता जो महसूल राहतो, त्यावर बोलीतील टक्का लागू होतो. हिशेब सोपा झाला आणि भांडणाची जागा कमी झाली. मात्र महागड्या, खोल पाण्यातील क्षेत्रांत खर्च निघण्याआधीच सरकारला हिस्सा देण्याची वेळ कंपनीवर येते, म्हणून अशा क्षेत्रांकडे कंपन्या पाठ फिरवू लागल्या. पुढील बदल त्यातून आला.

८. २०१९ नंतर सरकारने आपला हिस्साच सोडून दिला, असे ऐकतो. ते खरे आहे का?

काही क्षेत्रांपुरते खरे आहे. देशातील २६ गाळाच्या खोऱ्यांची (ज्यांच्या थरांत तेल-वायू साठू शकतो अशा प्रदेशांची) तीन गटांत विभागणी झाली. ज्यांत व्यावसायिक उत्पादन आधीपासून चालू आहे ती सात खोरी पहिल्या गटात आहेत. मुंबई सागरी खोरे, कृष्णा-गोदावरी, कावेरी आणि खंभात ही त्यांपैकी. या गटात महसुलातील हिस्सा बोलीचा भाग राहिला, पण गुणांकनात शोधकामाच्या कार्यक्रमाला ७० टक्के वजन देण्यात आले आणि हिश्श्याच्या बोलीवर ५० टक्क्यांची कमाल मर्यादा घालण्यात आली. दुसऱ्या गटात (उदाहरणार्थ सौराष्ट्र, कच्छ, अंदमान, महानदी) आणि तिसऱ्या गटात (उदाहरणार्थ केरळ-कोकण) सरकार सामान्यतः हिस्सा घेत नाही. एका आर्थिक वर्षात महसूल अडीच अब्ज डॉलरच्या वर गेला, तरच अतिरिक्त प्राप्तीतून वाटा द्यावा लागतो. एरवी रॉयल्टी आणि नेहमीचे कर एवढेच सरकारला मिळतात.

उत्पादन ठरावीक मुदतीच्या आत सुरू केल्यास रॉयल्टीतही आणखी सूट आहे. पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या गटासाठी ती अनुक्रमे १०, २० आणि ३० टक्के आहे.

माझे मत असे आहे की, जेथे आजवर काहीच सापडलेले नाही तेथे हिस्सा सोडणे समजण्यासारखे आहे, कारण शून्याचा अर्धा भाग शून्यच असतो. पण खोऱ्याचे स्वरूप स्पष्ट झाल्यानंतर त्याचा गट बदलण्याची आणि पुढील फेऱ्यांतील अटी सुधारण्याची तत्परताही सरकारने दाखवली पाहिजे. एकदा दिलेली सवलत त्या खोऱ्याची कायमची ओळख होऊ नये.

९. वायूच्या किमतीचे पाठबळाशी काय नाते आहे? माझ्या घरच्या पाइप गॅसशी त्याचा संबंध येतो का?

येतो. देशात एकाच वायूला किमतीच्या वेगवेगळ्या व्यवस्था लागू आहेत. ओएनजीसी आणि ऑइल इंडियाच्या जुन्या क्षेत्रांतील वायूची किंमत सरकार ठरवते. एप्रिल २०२३ पासून ती भारतीय कच्च्या तेलाच्या सरासरी किमतीच्या १० टक्के धरली जाते आणि तिला कमाल मर्यादा आहे. ही मर्यादा आधी दर दशलक्ष ब्रिटिश थर्मल युनिटला (वायू मोजण्याच्या उष्णता-एककाला) साडेसहा डॉलर होती, एप्रिल २०२५ पासून ती पावणेसात डॉलर झाली. मुंबई-ठाण्यातील पाइप गॅस आणि सीएनजी यांचे दर आटोक्यात राहण्यात या स्वस्त वायूचा मोठा वाटा आहे. जुन्या क्षेत्रांतील नव्या विहिरींच्या वायूला मात्र २० टक्के अधिक भाव मिळतो.

खोल पाण्यातील आणि उच्च दाब-तापमानाच्या अवघड क्षेत्रांतील वायूसाठी वेगळी, अधिक उंच कमाल किंमत सरकार दर सहा महिन्यांनी जाहीर करते. ‘हेल्प’च्या ब्लॉकांना किंमत आणि विक्री यांचे स्वातंत्र्य आहे. हे स्वातंत्र्य म्हणजेही पाठबळ आहे. त्याचा भार अर्थसंकल्पावर न येता खत कारखाने, वीज केंद्रे आणि शहरातील वायू वितरक यांच्यामार्फत ग्राहकांवर येतो.

१०. एकीकडे सवलती आणि दुसरीकडे कर, असे सरकार करते का?

होय, आणि कंपन्यांची ही तक्रार बऱ्याच अंशी खरी आहे. कच्चे तेल आणि नैसर्गिक वायू वस्तू व सेवा कराच्या बाहेर आहेत. त्यामुळे रिग, नळ आणि सेवा यांवर भरलेल्या कराची वजावट उत्पादनाच्या विक्रीवर मिळत नाही. तेलकामासाठीच्या वस्तूंवर हा कर सुरुवातीला ५ टक्के होता, २०२२ मध्ये तो १२ टक्के झाला आणि सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झाला आहे.

दुसरे उदाहरण अतिरिक्त नफ्यावरील कराचे. युक्रेन युद्धानंतर तेलाचे भाव वाढल्यावर १ जुलै २०२२ पासून देशांतर्गत कच्च्या तेलावर टनामागे २३,२५० रुपये विशेष अतिरिक्त उत्पादन शुल्क लावण्यात आले. त्यात दर पंधरवड्याला फेरबदल होत राहिले आणि डिसेंबर २०२४ मध्ये ते रद्द झाले. अनपेक्षित नफ्यात जनतेचा वाटा असणे मला न्याय्य वाटते. पण तो वाटा करारात आधीच लिहिलेला असला, तर गुंतवणूकदाराला हिशेब मांडता येतो. प्रश्न ८ मधील अडीच अब्ज डॉलरची तरतूद त्या अर्थाने अधिक चांगली आहे.

११. एका ब्लॉकमधील वायू समुद्रतळाखालून शेजारच्या ब्लॉकमध्ये वाहून गेला, तर तो कोणाचा?

हा प्रश्न काल्पनिक नाही. डी-६ आणि त्याला लागून असलेले ओएनजीसीचे ब्लॉक यांचे वायूसाठे एकमेकांना जोडलेले असल्याचे स्वतंत्र तज्ज्ञांच्या अहवालातून पुढे आले. न्या. ए. पी. शहा यांच्या समितीने २०१६ मध्ये, स्थलांतरित वायूचा मोबदला सरकारला मिळायला हवा असे सांगितले, कारण वायू बाहेर येईपर्यंत तो सरकारचाच असतो. सरकारने रिलायन्स आणि तिच्या भागीदारांकडे सुमारे १.५५ अब्ज डॉलरची मागणी केली. २०१८ मध्ये लवादाने बहुमताने कंपनीच्या बाजूने निर्णय दिला. १४ फेब्रुवारी २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने तो निर्णय रद्द केला, आणि त्यानंतर वाद सर्वोच्च न्यायालयात नेण्यात आला.

ब्लॉकच्या सीमा नकाशावर सरळ रेषेत आखल्या जातात, साठे मात्र खडकाच्या रचनेनुसार पसरतात. जोडलेला साठा वेळीच ओळखून दोन्ही धारकांनी तो एकत्रितपणे विकसित करायचा, ही जगभर रुळलेली पद्धत आहे. भारतात ती उशिरा वापरली गेली आणि त्याची किंमत दशकभराच्या खटल्यांत मोजावी लागत आहे.

१२. सर्वेक्षण किंवा उत्पादनामुळे मासेमारी बंद राहिली, तर मच्छिमारांना भरपाई मिळते का?

समुद्रातील तेलकामामुळे बुडालेल्या मासेमारीसाठी आपोआप मिळणारी, दर ठरलेली भरपाई तेलक्षेत्रविषयक कायद्यात नाही. जमिनीवर विहीर खोदायची असेल तर शेतकऱ्याला त्याच्या जमिनीचा मोबदला द्यावा लागतो. समुद्रात मच्छिमाराच्या नावावर सातबारा नसतो, आणि अडचण येथूनच सुरू होते.

सर्वेक्षण कसे होते ते पाहिले की तक्रार समजते. सर्वेक्षणाचे जहाज आपल्या मागे कित्येक किलोमीटर लांबीच्या संवेदक-तारा ओढत सरळ रेषेत जाते आणि दर काही सेकंदांनी दाबाच्या हवेचा स्फोट करून तळाखालील थरांचे प्रतिध्वनी नोंदवते. तारा तुटू नयेत म्हणून सोबतच्या राखण-बोटी त्या संपूर्ण पट्ट्यातील होड्यांना दूर पाठवतात. पालघर, डहाणू, सातपाटी या भागात डोल या एका जागी बांधायच्या जाळ्यांसाठी समुद्रतळात कवी, म्हणजे खांब, ठोकलेल्या असतात. ट्रॉलरला जागा बदलता येते, डोलीला येत नाही. त्यातही सर्वेक्षणासाठी शांत समुद्र लागतो, म्हणून ते पावसाळ्यानंतर होते, आणि १ जून ते ३१ जुलैची मासेमारीबंदी संपल्यावर मच्छिमारांचा कमाईचा हंगामही तोच असतो. बंदीच्या दोन महिन्यांनंतर पुन्हा काही आठवडे बोट किनाऱ्याला बांधून ठेवायची म्हणजे डिझेलची उधारी, खलाशांची उचल आणि बँकेचा हप्ता तिन्ही एकदम अंगावर येतात. या भागातील मच्छिमार संघटना वर्षानुवर्षे हेच सांगत आल्या आहेत.

उत्पादनाच्या टप्प्यात मंचाभोवती ५०० मीटरचे सुरक्षाक्षेत्र असते आणि त्यात शिरणे हा गुन्हा ठरतो. मंचांच्या खांबांभोवती मासे जमतात, त्यामुळे होड्या तेथे ओढल्या जातात आणि तटरक्षक दलाशी खटके उडतात. ही मनाई सुरक्षेसाठी आवश्यक आहे, याबद्दल दुमत असू नये.

राज्य पातळीवर एक आधार आहे. ठाणे खाडीवरील तिसऱ्या पुलाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये दिलेल्या निकालानंतर, प्रकल्पबाधित मच्छिमारांच्या भरपाईसाठी महाराष्ट्राला धोरण आखावे लागले. केंद्राच्या अखत्यारीतील खोल समुद्राला तसे धोरण लागू झालेले नाही. ब्लॉकच्या करारातच सर्वेक्षणाचे वेळापत्रक मच्छिमार सहकारी संस्थांशी बोलून ठरवण्याची आणि बंद राहिलेल्या दिवसांची भरपाई देण्याची अट घातली, तर कंपनीच्या खर्चात पडणारी भर एका विहिरीच्या खर्चापुढे नगण्य असेल. सवलतींना अटी जोडण्याचा अधिकार सरकारकडे आहे आणि तो येथे वापरला जावा.

१३. पर्यावरण मंजुरी आणि जनसुनावणी लागते का?

टप्प्यावर अवलंबून आहे. केवळ लहरींच्या सर्वेक्षणाला पर्यावरण मंजुरी लागत नाही. शोधविहिरी पूर्वी ‘अ’ वर्गात होत्या आणि त्यांच्यासाठी केंद्राची मंजुरी लागायची. जानेवारी २०२० च्या अधिसूचनेने त्या ‘ब-२’ वर्गात टाकल्या गेल्या. या वर्गात सविस्तर आघात-मूल्यांकन अहवाल आणि जनसुनावणी लागत नाही. क्षेत्राचा विकास आणि उत्पादन मात्र ‘अ’ वर्गातच राहिले. शोधाच्या टप्प्यावर स्थानिकांचे म्हणणे ऐकण्याची औपचारिक जागा त्यामुळे गेली, आणि तोवर कंपनीचा मोठा पैसा गुंतलेला असल्याने पुढे प्रकल्प थांबवणे कोणालाच सोपे राहत नाही.

समुद्रातील कामाच्या सुरक्षेसाठी २००८ चे स्वतंत्र नियम आहेत आणि तेल उद्योग सुरक्षा संचालनालय त्यांची अंमलबजावणी पाहते. ते नियम येण्यापूर्वी, २७ जुलै २००५ रोजी, मुंबई हाय उत्तर येथील मंचावर लागलेल्या आगीत २२ जण मृत्युमुखी पडले होते. मदतजहाज मंचावर आदळून वायूचा नळ फुटल्याने ती दुर्घटना घडली. मे १९९३ मध्ये मुंबई हाय ते उरण ही तेलवाहिनी फुटली होती. किनाऱ्यावर दर पावसाळ्यात येणारे डांबरगोळे मात्र केवळ तेलक्षेत्रातून येतात असे समजू नये. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या अभ्यासांत तेलवाहू जहाजांतून सांडणारे तेल हाही त्यांचा महत्त्वाचा स्रोत असल्याचे दिसले आहे.

१४. कंपनीने ब्लॉक घेतला आणि कामच केले नाही, तर?

बोलीत दिलेला कामाचा कार्यक्रम बंधनकारक असतो आणि त्यासाठी बँक हमी घेतलेली असते. काम अपुरे राहिल्यास कंपनीला ठरलेली नुकसानभरपाई सरकारकडे भरावी लागते आणि ब्लॉक परत जातो. परवानग्या मिळण्यात सरकारी उशीर झाला असल्यास मुदतवाढ मिळते. हीच तरतूद व्यवहारात सर्वांत जास्त ताणली जाते.

१५. तेल संपल्यावर समुद्रातील मंच आणि नळ कोण काढते?

ही जबाबदारी करारधारकाची असते. १९९९ च्या स्थळ पुनर्स्थापन निधी योजनेनुसार उत्पादन चालू असतानाच त्यासाठी पैसे वेगळ्या खात्यात जमा करायचे असतात आणि त्या रकमेवर आयकरात वजावट मिळते. म्हणजे साफसफाईच्या खर्चालाही सरकारचे करपाठबळ आहे. ताप्ती क्षेत्रातील मंच उतरवण्याचे काम हे समुद्रातील अशा प्रकारचे देशातील पहिले मोठे काम ठरले. पन्ना-मुक्ता मात्र पंचवीस वर्षांची मुदत संपल्यावर डिसेंबर २०१९ मध्ये चालू स्थितीत ओएनजीसीकडे परत आले. क्षेत्र हस्तांतरित होते तेव्हा निधीही त्याच्याबरोबर पूर्णपणे हस्तांतरित झाला का, हे तपासणे महत्त्वाचे असते. मुंबई हाय परिसरातील मंचांची संख्या पाहता पुढील दोन-तीन दशकांत हा खर्च प्रचंड असणार आहे.

१६. माझ्या गावासमोर ब्लॉक दिला गेला आहे का, हे कसे शोधावे?

हायड्रोकार्बन महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर दिलेल्या आणि देऊ केलेल्या ब्लॉकांचे नकाशे, त्यांचे अक्षांश-रेखांश आणि महसूल वाटपाच्या कराराचा नमुना मिळतो. पर्यावरण मंजुरीचे अर्ज ‘परिवेश’ या पोर्टलवर ब्लॉकच्या नावाने शोधता येतात. सर्वेक्षणाच्या तारखा मच्छिमारांसाठीच्या सूचनांतून जाहीर होतात, त्या जिल्ह्याच्या सहायक मत्स्यव्यवसाय आयुक्तांच्या कार्यालयात मागाव्यात. माहितीच्या अधिकारात अर्ज करायचा असल्यास ब्लॉकचा पूर्ण सांकेतिक क्रमांक लिहावा, कारण केवळ गावाच्या किंवा तालुक्याच्या नावावर समुद्रातील ब्लॉकची नोंद ठेवलेली नसते.